नव्या शहरात खायच्या चांगल्या जागा कशा सापडतात? स्टार बाजूला ठेवा, खप बघा

प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी नव्या शहरात येऊन तीन महिने झाले, ॲपवर ४.५ च्या वरचं रेटिंग बघून दहा-बारा ठिकाणी जेवून झालं, पैसे भरपूर गेले, पण "इथे परत यायचंच" असं एकाही ठिकाणी वाटलं नाही, आणि सकाळी ताजा पाव मिळेल अशी एक बेकरीसुद्धा अजून सापडलेली नाही. गाडी नाही, मोकळा वेळ फक्त शनिवार-रविवार, ओळखीचं कोणी नाही. तर साधं, रोजचं, चांगलं खाणं शोधायचं कसं?

मी आधी आठ वर्षं बेकरीत भट्टीवर होतो, आणि त्यानंतर गेली सतरा वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये ओव्हन, फ्रायर, एक्झॉस्ट बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतोय, म्हणजे महिन्यातले पंधरा-वीस दिवस कुठल्यातरी परक्या शहरात आणि दोन्ही वेळा बाहेर जेवण. तुमचा प्रश्न मला दर आठवड्याला नव्याने पडतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एकच गोष्ट बघायची झाली तर ती खप. एखादा पदार्थ त्या जागी दिवसात किती वेळा बनतो आणि बनल्यावर किती वेळात कुणाच्या तरी ताटात जातो, एवढं कळलं की निम्मं काम झालं. कारण खायच्या बहुतेक गोष्टी बिघडतात त्या थांबून राहिल्यामुळे. तळलेलं कढईतून काढलं की आतली वाफ बाहेर यायला लागते आणि वरचा कुरकुरीत थर थोड्या वेळात मऊ पडतो, भाज्या पुन्हा पुन्हा गरम करून लगदा होतात, सकाळचा चहा दुपारपर्यंत उकळत राहिला की जिभेला तुरट चिकटतो. आचारी कितीही कसबी असो, थांबलेला माल त्याला परत ताजा करता येत नाही. आणि याच्या उलट, साधाच आचारी पण एकच पदार्थ दिवसाला दोनशे वेळा करतोय, त्याचा हात असा बसलेला असतो की मीठ कधी चुकत नाही. म्हणून छोट्या मेन्यूच्या जागा बऱ्याचदा चांगल्या निघतात, त्यात जादू काही नाही, आठ पदार्थ असतील तर प्रत्येकाचा खप भरपूर, आणि दीडशे असतील तर त्यातले शंभर डीप फ्रीजरमध्ये वाट बघत पडलेले.

फ्रायरचं उदाहरण देतो कारण ते मी रोज बघतो. जिथे तळण सतत चालू असतं तिथे माल तेल पितो, कढईतलं तेल कमी होतं, वरून नवीन पडत राहतं, म्हणजे तेल आपोआप ताजं होत राहतं. खप नसलेल्या जागी तेच तेल १८० अंशांच्या आसपास नुसतं तापत बसलेलं असतं, गिऱ्हाईक असो नसो. बऱ्याच देशांत तेलातल्या पोलर संयुगांचं, म्हणजे तेल तापून तापून बिघडल्यावर जे घटक तयार होतात त्यांचं, प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास पोचलं की ते टाकून द्यायचा नियम आहे, ते मोजायचं मीटर माझ्या बॅगेत असतं, पण तुम्हाला मीटरची गरज नाही. दारात दोन मिनिटं उभे राहा. तेलाचा वास घशाला लागतोय, डोळ्यांना झोंबतंय, कढईवर बारीक फेस येतोय आणि तो बसत नाहीये, तेल चहासारखं गडद झालंय, तर तिथे तळलेलं खायचं नाही, बाकी जागा कितीही झकपक असली तरी.

आता इथे एक गडबड होते ती म्हणजे लोक खप आणि गर्दी एकच समजतात. बाहेर रांग लागलीय याचा अर्थ आत माल फिरतोय असं नाही, कधीकधी वाढपी कमी असतात म्हणून रांग असते, कधी फोटो काढायला आलेली गर्दी असते, कधी जागा नुकतीच उघडलेली असते आणि सगळं शहर एकदा बघून जातं. मला एकदाच येणारी गर्दी नको असते, परत परत येणारी पाहिजे असते. ती ओळखायची कशी? वाढपी न विचारता एखाद्यासमोर काही आणून ठेवतो का बघा. लोक मेन्यू न उघडता ऑर्डर देतात का बघा. एकटी माणसं जेवतायत का बघा, एकटा माणूस वातावरणासाठी येत नाही, तो जेवायलाच येतो. वयस्कर मंडळी दिसली तर अजून चांगलं, त्यांना नावीन्याची हौस कमी असते आणि बिघडलेलं लगेच कळतं.

घरबसल्या पण हे थोडंफार बघता येतं. गूगल मॅप्सवर बऱ्याच जागांखाली दिवस आणि तासांप्रमाणे गर्दीचा आलेख दिसतो, लोकांच्या फोनच्या लोकेशनवरून तो बनवतात. बहुतेक जण तो फक्त "आत्ता गर्दी आहे का" एवढंच बघायला वापरतात. मी आठवड्याचा आकार बघतो. फक्त शनिवार-रविवारी संध्याकाळी डोंगर आणि बाकी पाच दिवस सपाट, तर ती जागा बाहेर जायची हौस भागवणारी आहे, वाईट असेल असं नाही पण तुम्ही शोधताय ती नव्हे. मंगळवारी दुपारी एक-दीडला आलेख उंच असेल तर तिथे आसपासचे लोक रोज जेवतात. मंगळवारची दुपार माझ्यासाठी कुठल्याही रेटिंगपेक्षा मोठी आहे.

रेटिंगबद्दल बोलायलाच लागेल कारण तुमचे तीन महिने त्यातच गेलेत. कुठलीही यादी कुणासाठी आणि कशासाठी बनली हे आधी विचारायचं. चांगली रेस्टॉरंटं निवडून देणारं मिशलिन गाइडचं पुस्तकच घ्या, १९०० साली टायर बनवणाऱ्या कंपनीने ते मोटारवाल्यांना फुकट वाटायला काढलं, लोक गाड्या घेऊन लांब फिरले तर टायर खपणार, इतका सरळ हिशोब. १९२६ पासून त्यात स्टार आले, १९३१ मध्ये एक-दोन-तीन अशी उतरंड झाली, आणि तीन स्टारचा अर्थच "मुद्दाम प्रवास करून जावं अशी जागा" असा आहे. म्हणजे तुमच्या मंगळवारच्या जेवणाशी त्याचा काही संबंधच नाही. पण त्याच गाइडमध्ये १९९७ पासून बिब गुरमाँ नावाची वेगळी यादी आहे, माफक दरात चांगलं जेवण देणाऱ्या जागांची, आणि तुमच्या शहराची ती निघत असेल तर जरूर बघा, कारण त्यांचे इन्स्पेक्टर ओळख न देता जातात आणि बिल स्वतः भरतात.

ॲपवरचे स्टार म्हणजे वेगळंच प्रकरण. लिहितं कोण, तर एक तर फार खूश झालेला किंवा फार चिडलेला, मधला शांतपणे जेवून घरी जातो. त्यात पैसा गुंतलेला. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी सिएटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता, त्यात येल्प या रिव्ह्यूच्या साइटवर एक स्टार वाढला की ५ ते ९ टक्के धंदा वाढतो असं दिसलं, आणि तेही स्वतंत्र छोट्या जागांचा, मोठ्या चेनना फरक पडत नव्हता. एवढा फरक पडत असेल तर स्टार विकत घेणारे निघणारच. २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर या लेखकाने आपल्या बागेतली शेड ट्रिपॲडव्हायजर या रिव्ह्यूच्या साइटवर रेस्टॉरंट म्हणून नोंदवली, ओळखीच्यांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले, दाढीचा फेस वगैरे वापरून पदार्थांचे फोटो काढले, आणि काही महिन्यांत ती शेड शहरात पहिल्या नंबरवर होती. तिथे तोपर्यंत एकही माणूस जेवला नव्हता. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेला, खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा वेगळा नियमच काढावा लागला, यावरून धंदा किती फोफावलाय ते समजा.

तरी मी ॲप वापरतोच, फक्त आकडा बघून थांबत नाही. तीस जणांनी दिलेल्या ४.९ पेक्षा तीन हजार जणांचे ४.२ मला जास्त विश्वासाचे वाटतात. आणि आकड्याचा अर्थ शहराशहरात बदलतो हेही लक्षात घ्या, जपानमधल्या ताबेलॉग साइटवर ३.५ म्हणजे उत्तम जागा मानतात कारण तिथे लोक हात आखडून मार्क देतात, तेव्हा तुमच्या शहरात ज्या जागा तुम्हाला स्वतःला आवडल्या त्यांना किती मार्क आहेत ते बघून मग पट्टी ठरवा. रिव्ह्यू वाचताना आधी "नवीन आधी" लावा, कारण आचारी बदलला की जागा बदलते आणि जुने दोन हजार स्टार तसेच लटकत राहतात. मग तीन स्टारवाले वाचा, ती माणसं सहसा तोलून लिहितात, काय चांगलं काय वाईट दोन्ही. "ॲम्बियन्स छान, स्टाफ नम्र" एवढंच लिहिलेल्या रिव्ह्यूत खाण्याबद्दल काहीच नाही, सोडून द्या. उलट एखादा चिडून एक स्टार देतो की "जागा अडचणीची, बसायला नीट नाही, दीडलाच संपलं म्हणाले", तो रिव्ह्यू माझ्यासाठी कौतुकाचा आहे! दीडला संपतंय म्हणजे सकाळी मोजून केलंय आणि उरलेलं उद्याला जात नाही.

सर्च करायची पद्धत पण बदला. "बेस्ट रेस्टॉरंट" असं टाकलं की तुम्हाला जाहिरातवाले आणि चेनच दिसणार. पदार्थाचं नाव टाका, आणि त्या शहराची जी बोली असेल त्या भाषेत आणि लिपीत टाका, भाषा येत नसेल तर कुणाकडून तरी लिहून घ्या. इंग्रजी सर्चमध्ये जी जागा नसतेच ती स्थानिक लिपीत टाकल्यावर पहिल्या पाचात येते, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. अजून एक म्हणजे मॅप झूम करा. लांबून बघितलं तर मॅप मोजक्याच जागा दाखवतो, एकेका गल्लीवर झूम करत गेलात की बारीक बारीक नावं वर येतात, रिव्ह्यू चाळीस-पन्नास, फोटो धूसर, आणि त्यातच तुमची जागा असायची शक्यता जास्त.

घरपोच मागवत असाल तर पत्ता बघितल्याशिवाय मागवू नका. आजकाल एकाच किचनमधून आठ-दहा वेगवेगळ्या नावांनी ॲपवर दुकानं चालतात, मी स्वतः अशा किचनमध्ये एक्झॉस्ट बसवलेत, एकच आचारी, एकच ग्रेव्ही, डब्यावरचं स्टिकर फक्त वेगळं. स्वच्छ असतात बऱ्याचदा, त्याबद्दल तक्रार नाही, पण दहा नावांत दहा चवी शोधू नका.

बरं, मग बघायचं कुठे. भाड्याचा विचार करा. चौकातली, पर्यटकांच्या वाटेवरची, मॉलमधली जागा महाग असते आणि ते भाडं ताटातूनच वसूल होतं, शिवाय येणारा माणूस परत येणार नसतो त्यामुळे त्याला चांगलं खाऊ घातलं काय आणि न घातलं काय, मालकाला फरक पडत नाही. त्याच चौकापासून दोन गल्ल्या आत गेलं की हिशोब उलटा होतो, भाडं कमी आणि धंदा सगळा नेहमीच्या गिऱ्हाइकांवर. मी नव्या शहरात गेलो की आधी विचारतो की इथे रोज बाहेर जेवायला लागतं असं कोण कोण आहे? मोठं सरकारी हॉस्पिटल, कोर्ट, बसचा डेपो, घाऊक बाजार, छापखान्यांची किंवा गॅरेजची गल्ली, कॉलेजची हॉस्टेलं. या लोकांना रोज खायचंय, खिसा मोजकाच आहे, आणि आज फसवलं तर उद्या ते शेजारच्याकडे जातील. तिथे टिकलेली जागा म्हणजे रोजच्या परीक्षेतून पास झालेली जागा. घाऊक भाजी बाजाराच्या बाजूला पहाटे जे मिळतं ते तर मी कधी चुकवत नाही, कारण रात्रभर माल उतरवणारी माणसं सकाळी सहाला भुकेलेली असतात आणि त्यांना पोटभर आणि गरम लागतं.

तुमच्याकडे गाडी नाही हे खरंतर चांगलंच आहे. जोनाथन गोल्ड हे लॉस एंजेलिसचे खाद्य समीक्षक, २००७ मध्ये समीक्षेचं पुलित्झर मिळालं, खाण्यावर लिहिणाऱ्या माणसाला ते पहिल्यांदाच मिळालं. तरुणपणी त्यांनी ठरवलं की पिको बुलेव्हार्ड या एकाच लांबलचक रस्त्यावरच्या सगळ्या जागी खायचं, एका टोकापासून सुरुवात करून, आणि त्या एका रस्त्यातून त्यांना निम्मं शहर कळलं. ही पद्धत मी उचललीय. अख्खं शहर डोक्यात घेऊ नका, घरापासून पायी वीस-पंचवीस मिनिटांच्या आत येणारा एक लांब रस्ता निवडा, एका शनिवारी न खाता नुसता चालून या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. काय काय शिजतंय, कुठे रिकामं आहे, कुठे दुपारी चार वाजता पण दोन माणसं बसलेली आहेत, कुठली जागा फक्त सकाळी उघडते. मग एकेक घ्या. एक रस्ता नीट माहिती असणं हे शहरभर पसरलेल्या पंधरा "मस्ट ट्राय" पेक्षा रोजच्या आयुष्यात फार उपयोगाचं आहे, कारण रोज संध्याकाळी भूक लागल्यावर तुम्ही तासभर बस बदलत जाणार नाही.

विचारायचं पण असतं, आणि कसं विचारता त्यावर उत्तर ठरतं. "इथे चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलं की समोरचा तुमच्याकडे बघून तुम्हाला शोभेल असं, म्हणजे महागडं नाव सांगतो, पाहुण्याला सांगावं तसं. त्याऐवजी "तुम्ही आज दुपारी कुठे जेवलात?" विचारा. लगेच खरं उत्तर येतं. आणि विचारायचं त्यांना ज्यांना फिरायला लागतं किंवा ज्यांना आतलं माहिती असतं, रिक्षा-टॅक्सीवाले, डिलिव्हरीची मुलं (कुठल्या किचनमध्ये पार्सल पटकन मिळतं आणि कुठे मागे काय दिसतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहिती नाही), गॅस सिलिंडर पोचवणारे, पीठ-मैदा सप्लाय करणारे. आणि सगळ्यात भारी माणूस म्हणजे दुसरा आचारी. एखाद्या जागी जेवण आवडलं तर गर्दी ओसरल्यावर विचारा की सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठे खायला जाता. मला या एका प्रश्नावर जितक्या जागा मिळाल्यात तितक्या कुठल्याच यादीतून मिळालेल्या नाहीत, एक सापडली की तिथून पुढची, तिथून अजून पुढची.

आता बेकरी. हे माझं मूळ घर असल्यामुळे इथे जरा थांबतो.

बेकरीत पहिला प्रश्न हा की इथे भाजतात का फक्त गरम करतात. अर्धवट भाजलेला किंवा गोठवलेला माल कारखान्यातून येतो आणि दुकानातल्या छोट्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवला की वास अगदी खरा सुटतो, गिऱ्हाईक खूश. फ्रान्समध्ये तर १९९८ पासून कायदा आहे की पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं जागेवर होत असेल आणि कुठल्याही टप्प्यावर गोठवलेलं नसेल तरच दुकानावर 'बुलांजरी' अशी पाटी लावता येते. बाकी ठिकाणी असं काही नसेल तर आपणच बघायचं. मी एका शहरात एका बेकरीतून काही महिने "आत्ताच काढलेला" पाव घ्यायचो, मग त्यांचाच ओव्हन दुरुस्तीला आला म्हणून मागच्या बाजूला गेलो तर पाव भाजायचा मोठा डेक ओव्हन कधीचा बंद, आत खोकी रचून ठेवलेली, आणि माल येत होता बाहेरून. मला वाईट वाटलं ते पैशासाठी नाही, पीठ मळणारा माणूसच तिथे उरला नव्हता म्हणून. तेव्हापासून मी बेकरीत शिरताना आधी मैदा शोधतो. काउंटरच्या मागे पोती, कुणाच्या तरी हातावर पीठ, काळे पडलेले वाकडे ट्रे, सकाळी मागच्या दाराने येणारी उष्णता. चकचकीत काचेच्या मागे सगळे तुकडे एकाच मापाचे, एकाच रंगाचे दिसले तर शंका घ्यायची. हाताने केलेल्या मालात थोडं उन्नीस-बीस असतंच.

दुसरं म्हणजे वेळ. ओव्हन एका वेळी एकाच तापमानाला असतो, त्यामुळे कामाचा क्रम ठरलेला. जुन्या लाकडाच्या भट्टीत तर हे फारच स्पष्ट होतं, पहाटे भट्टी सगळ्यात तापलेली तेव्हा पाव-ब्रेड, २२० अंश किंवा वर, मग उष्णता उतरली की केक, १७०-१८० च्या आसपास, आणि उतरत्या आचेवर शेवटी बिस्किटं, खारी वाळवायची ते. आता इलेक्ट्रिक ओव्हन आले तरी बरेच जुने कारागीर तोच क्रम पाळतात. म्हणजे ब्रेड सकाळी लवकर, बिस्किटं दुपारकडे. काउंटरवर सरळ विचारा, "पुढची बॅच कितीला निघते?" ज्याला लगेच वेळ सांगता येते, "साडेसहाला आणि मग चारला", तिथे भट्टी चालू आहे. जो म्हणतो "सगळं ताजंच आहे" त्याने उत्तर दिलेलं नाही. आणि छोट्या दुकानात साठ प्रकार मांडलेले असतील तर मनातल्या मनात हिशोब करा, एका ओव्हनमधून एका सकाळी हे सगळं निघू शकतं का? नाही निघू शकत. त्यातलं जे जास्त रिकामं होतंय तेवढंच तिथलं ताजं असतं, ट्रे अर्धा रिकामा असणं ही चांगली खूण आहे, संध्याकाळी सातला शेल्फ गच्च भरलेली बेकरी मला आवडत नाही.

तिसरं हातात घेऊन बघायचं. पाव उलटा करा, बुडाला नीट बदामी रंग पाहिजे, पांढरट बूड म्हणजे घाई केलीय. आकाराच्या मानाने अगदीच कापसासारखा हलका लागला तर आत पीठ कमी आणि हवा जास्त, असा पाव तोंडात गोळा होतो. सावकाश फुगवलेल्या पिठाला किंचित आंबूस गोडसर वास असतो, झटपट फुगवलेल्याला नुसता यीस्टचा. आणि लोणी वापरलंय म्हणून सांगतात त्या पापुद्र्याच्या पदार्थाची परीक्षा एकदम सोपी आहे, लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं म्हणजे तोंडाच्या उष्णतेत ते विरघळून जातं, पण पापुद्र्यांसाठी वापरतात ते स्वस्त मार्जरीन मुद्दाम त्याहून जास्त तापमानाला वितळणारं बनवलेलं असतं. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर चिकटून राहिला तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ते लोणी नाही.

घरी आणल्यावरचं पण सांगून टाकतो कारण चांगली बेकरी सापडून माणसं ब्रेड फ्रिजमध्ये ठेवतात. ब्रेड शिळा होतो तो फक्त सुकून नाही, १८५२ मध्येच बूसांगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की ओलावा अजिबात उडू न देता ठेवला तरी तो शिळा होतोच, कारण आतल्या स्टार्चची रचना हळूहळू परत घट्ट होत जाते, आणि हे फ्रिजच्या थंडाव्यात सगळ्यात वेगाने होतं. दोन दिवसांचा बाहेर, बाकीचा कापून थेट फ्रीजरमध्ये, लागेल तसा तव्यावर. बस.

पहिल्यांदा एखाद्या जागी गेलात की ऑर्डर काय द्यायची? मेन्यू बाजूला ठेवा, आजूबाजूच्या टेबलांवर काय आहे ते बघा, जे तीन टेबलांवर दिसतंय ते घ्या. गिऱ्हाइकांच्या ताटात त्या जागेचा खप मांडलेला असतो. "स्पेशल काय आहे" विचारलं तर बऱ्याचदा जे संपवायचंय ते सांगतात, "आत्ता काय निघतंय" विचारा. एकच पदार्थ, साधा, आणि सोबत जे फुकट किंवा फार स्वस्त येतं ते नीट चाखा, सूप, भात, चटणी-लोणचं जे काय असेल ते, कारण ज्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत त्यात सुद्धा जो लक्ष घालतो तो बाकीच्यात घालणारच. आणि एका भेटीवर निकाल देऊ नका, ना चांगला ना वाईट. त्याच पदार्थासाठी वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी परत जा. दोन्ही वेळा सारखं लागलं तर ती जागा तुमची. मला सातत्य चवीहून मोठं वाटतं, एकदा अप्रतिम आणि एकदा खारट अशा जागेपेक्षा रोज तेच चांगलं देणारा माणूस जास्त कसबी असतो, सतरा वर्षं किचनच्या मागच्या बाजूने बघितल्यावर हे ठामपणे सांगतो.

स्वच्छतेबद्दल एकच, पण गांभीर्याने घ्या. छोटी जागा म्हणजे घाणेरडी आणि एसी जागा म्हणजे स्वच्छ असं काही नसतं, मला आयुष्यातली सगळ्यात वाईट विषबाधा एका पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ असलेल्या जागी झालेली, बुफेमधला भात कितीतरी तास कोमट ठेवलेला होता, आणि मी मुकाट खाल्ला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात आणि बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. म्हणजे गरम ते चटका बसेल असं गरम पाहिजे, थंड ते खरंच थंड पाहिजे, कोमट असेल तर परत द्या, लाजू नका. पाण्याची जागा, हात धुवायची जागा, पुसायचं फडकं, आणि पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात वेगळे आहेत का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. मोडकी खुर्ची, उडालेला रंग याकडे दुर्लक्ष करा.

आणि लिहून ठेवा. फोनच्या मॅपमध्ये स्वतःची यादी करा, नुसती जागेवर खूण नको, त्याखाली दोन ओळी: काय खाल्लं, कुठल्या वारी किती वाजता, गरम होतं का, परत जाणार का आणि कशासाठी. माझ्या यादीत कितीतरी जागांखाली एकच पदार्थ लिहिलाय आणि पुढे "बाकी काही घेऊ नये" असं, त्यात त्या जागेचा अपमान नाही, एक गोष्ट उत्तम करणारी जागा म्हणून मी तिला मानतो. या शनिवारी तुमच्या रस्त्यावर सकाळी साडेसहाला बाहेर पडा, आधी बेकरी शोधा, कारण त्या वेळी भट्टी कुठे चालू आहे ते वासाने लांबूनच कळतं, आणि काउंटरवरच्या माणसाला बॅचची वेळ विचारून झाली की हेही विचारा की तुमचा पाव कुठल्या कुठल्या हॉटेलांत जातो. जो मालक पावासाठी चांगल्या बेकरीकडे जातो तो बाकीच्या मालातही सहसा तडजोड करत नाही, त्यामुळे ती चार-पाच नावं मिळाली की तुमच्या पुढच्या दोन महिन्यांच्या जेवणाची यादी तयार आहे.